दोन अक्षरं

तेवीस वर्षं मी मासळी तोलली
वार्दोच्या धक्क्यावर. इथे झाड औषधालाही सापडत नाही,
आणि नोव्हेंबरात गेलेला सूर्य
अर्धा जानेवारी सरल्यावर तोंड दाखवतो.
काटा डुलायचा थांबेपर्यंत
एका ओळीपुरता वेळ मिळे.
वजनाच्या पावत्यांच्या पाठीवर लिहायचे,
शिसपेन्सिलीनं. शाई गोठते.
मापात पाप नको, असं आई म्हणायची.
ती मिठाबद्दल बोलत होती,
मी ते विशेषणांना लावलं.

पहिली कविता छापून आली
मच्छीमार संघाच्या पत्रकात,
वर इंजिन-तेलाची जाहिरात,
खाली युहान बर्गस्टोचा मृत्युलेख.
मी लिहिलं होतं :
रात्रभर जाळ्यातून निसटत राहिला कॉड.
छापलं गेलं :
रात्रभर जाळ्यातून निसटत राहिली तहान.
आमच्या भाषेत कॉड आणि तहान
यांच्यात दोनच अक्षरांचं अंतर,
आणि खिळे जुळवणारा आयलिफ
संध्याकाळी थोडी घेऊन कामाला बसायचा.

दोन दिवस तोंड लपवून फिरले.
तिसऱ्या दिवशी बेकरीतल्या तूर्दिसनं
पाव बांधता बांधता ती ओळ म्हणून दाखवली, तोंडपाठ,
आणि पिशवीत एक बन जास्तीचा टाकला.
(माझं पहिलं मानधन. वेलदोड्याचं होतं.)
मास्तरांनी ती फळ्यावर लिहिली.
ट्रोम्सोहून एका संपादकाचं पत्र आलं :
‘तहान जाळ्यातून निसटते, हे सुचलं कसं तुम्हाला?’
उत्तरात मी हवामान कळवलं.

मग पुस्तक झालं, तीनशे प्रतींचं.
दक्षिणेतल्या कुठल्याशा समितीनं
काचेचा पक्षी पाठवला बक्षीस म्हणून.
चोच प्रवासातच मोडलेली.
उरलेल्या प्रती जिन्याखाली आहेत,
मांजर त्यांच्यावर व्यायली दोनदा.
सभेत कुणी उभं राहून वाचलंच काही,
तर तीच ओळ. माझ्या बाकीच्या ओळी
धाकट्या बहिणींसारख्या मागे उभ्या.

तुम्ही स्वतः काय वाचता, असं विचारतात.
भरती-ओहोटीचं कोष्टक.
त्यात एकही विशेषण नाही, आणि लिहिलेलं रोज खरं होतं.
शिवाय वाचनालयातलं विणकामाचं एक जुनं पुस्तक :
अठ्ठेचाळिसाव्या पानावर, समासात,
कुणा बाईचं बारीक अक्षर,
‘इथे टाके सुटले. तार आली.’
पुढच्या एकाही पानावर खूण नाही.
एवढं मला अजून जमलेलं नाही.

गेल्या मार्चात आयलिफकडे गेले,
वृद्धाश्रमात, पुस्तक घेऊन.
नव्वदीचा झालाय. बाटली सोडून वीस वर्षं झाली.
डोळे अधू, पण बोट अजून जुळाऱ्याचं,
अक्षराअक्षराला चाचपणारं.
पान एकवीस : ‘स्वल्पविराम चुकलाय.’
पान चौतीस : ‘हा शब्द दोनदा पडलाय.’
माझ्याकडे बघितलंही नाही.
पान एक्केचाळीस.
चाळीस वर्षं जपून ठेवलेला प्रश्न
मी जिभेच्या टोकावर आणला.
बोट तहानेवरून गेलं,
कुठेही न अडखळता,
आणि पान उलटलं.

खिडकीबाहेर कुरव पक्षी
एकाच कठड्यासाठी भांडत होते.
मी म्हटलं, जरा पाणी मिळेल?
‘नळ तिकडे आहे,’ तो म्हणाला,
‘थोडं वाहू दे आधी. पहिल्या पाण्याला
गंजाची चव असते.’

घरी येऊन हे वाक्य
एका पावतीच्या पाठीवर उतरवलं.
खाली नाव त्याचं घालावं की माझं,
काटा अजून डुलतोय.